खालच्या शेतातला सातू

२०२०च्या उन्हाळ्यात आम्ही डब्लिनच्या सँट्री भागातला फ्लॅट सोडला आणि किलकेनी शहराबाहेर एका शेतावरचं घर भाड्याने घेतलं. नवऱ्याला तिकडच्या एका औषधांच्या प्लांटमध्ये नोकरी लागली होती. माझं डब्लिनचं ऑफिस मार्चपासून बंदच होतं, काम घरून चालायचं, त्यामुळे लॅपटॉप कुठेही उघडला तरी चालणार होतं. नव्या घरात मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उघडला. मी पुण्यात कर्वेनगरात वाढलेली. समोर दुसऱ्या कुणाची गॅलरी नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत, अशी खिडकी मला जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती. समोर नुसतं शेत, त्यापलीकडे काटेरी झुडपांचं कुंपण आणि त्याच्याखालून जाणारा एक ओढा.

घरमालक सत्तरी ओलांडलेले, त्यांची बायको त्यांच्याहून थोडी लहान. त्यांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आयर्लंडमध्ये माणूस वयाने कितीही मोठा असला तरी त्याला नावानेच हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही. तोंडावर मी कसंबसं नाव घ्यायचे, पण घरात आम्ही दोघं त्यांना काका-काकूच म्हणायचो. इथेही तसंच म्हणते.

ऑक्टोबरात एका सकाळी काकांनी दार वाजवलं आणि चांगले मागे सरकून, टोपी हातात धरून उभे राहिले.

"आज-उद्या ट्रॅक्टरचा आवाज होईल. तुझं ऑफिसचं बोलणं चाललेलं असतं. म्हटलं, सांगून ठेवावं."

"काय पेरताय?"

"विंटर बार्ली."

बार्ली म्हणजे आपला सातू. लहानपणी सुट्टीत गूळ-दूध घालून सातूचं पीठ खाल्लेलं होतं, पण सातूचं रोप कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. थंडी तोंडावर आलेली असताना हे बी कसलं पेरताहेत, असंच वाटलं. माझा चेहरा बघून काकांनी समजावलं, की हे पीक हिवाळाभर जमिनीला धरून बसतं, वसंतात उठतं आणि जुलैमध्ये सगळ्यांच्या आधी कापायला येतं. एवढं सलग बोलणं मी त्यांच्या तोंडून त्यानंतर कितीतरी महिने ऐकलं नाही. मुळात माणूस अबोल. आणि नंतर तर बोलणं हीच त्यांची अडचण झाली.

त्यांची सातूची तीन शेतं होती. दोन वर उतारावर आणि एक खाली ओढ्याकाठी. माझ्या खिडकीतून दिसायचं ते खालचं. नाताळापर्यंत ते छान हिरवं झालं. मग पाऊस लागला आणि थांबेचना. जानेवारी गेला, फेब्रुवारी निम्मा गेला, खालच्या शेतात पाणी साचून राहिलं. जिथे पाणी होतं तिथलं पीक आधी फिकं आणि मग पिवळं पडत गेलं. काका रोज सकाळी गमबूट घालून फाटकापाशी येत, थोडा वेळ बघत आणि परत जात.

फेब्रुवारीतल्याच एका सकाळी माझी मीटिंग चालू असताना काकूंनी खिडकीवर थाप मारली. त्या आजवर कधी अशा आल्या नव्हत्या. मी लॅपटॉप तसाच सोडून धावले. काका गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात मांडीवर नुसता पडलेला. मी अँब्युलन्सला फोन केला. ती आली, त्यांना आत घेतलं. सोबत कुणालाही जायला परवानगी नव्हती. दार लागलं, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि काकू अंगणात त्यांची टोपी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मास्क लावायलाही आम्ही दोघी विसरलो होतो.

अर्धांगाचा झटका होता. जिवावरचं टळलं, पण डावी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. हॉस्पिटलमध्ये भेटायला जाता येत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी कॅनडात. तिला येणं शक्य नव्हतं. काकूंकडे जुना बटणांचा फोन. म्हणून ठरलं असं, की वॉर्डातली नर्स दुपारी तिच्या टॅबलेटवरून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करील आणि मी तो काकूंना दाखवीन.

पहिले काही कॉल आठवले की अजून अवघडल्यासारखं होतं. दोघंही मनातलं बोलायची सवय नसलेली. त्यात तिकडे नर्स, इकडे मी.

"जेवलास का?"

"हं."

"काय दिलं?"

"बटाटा."

"ग्रँड."

'ग्रँड' म्हणजे तिकडचं 'छान'. मग शांतता. काकू फोनकडे बघत, काका छताकडे. नर्स बिचारी या हातातून त्या हातात टॅबलेट घ्यायची. फोन ठेवल्यावर काकू माझे आभार मानायच्या आणि पाठमोऱ्या होऊन डोळे पुसायच्या.

एका दुपारी अशीच शांतता पसरली असताना काकू काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "खालचं शेत फार पिवळं पडलंय रे."

काकांनी मान वळवली. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी थेट पडद्याकडे बघितलं. "दाखव," ते म्हणाले. शब्द चिखलातून पाय ओढावा तसा आला, पण आला.

तेव्हापासून आमचे कॉल शेतातून व्हायला लागले. काकूंचं खुब्याचं ऑपरेशन कोविडमुळे लांबलेलं होतं, त्यांना ढेकळांतून चालता येत नसे. त्या काठी टेकून फाटकाशी थांबत आणि मी फोन घेऊन आत शिरत असे. मी किलकेनीतून गमबूट आणले होते, एक नंबर मोठे. काकांचे अर्धे शब्द मला कळत नसत.

"काय म्हणाले?" मी ओरडून विचारायचे.

"बूट बाजूला घे म्हणतो! रोपावर उभी आहेस!" काकू फाटकातून ओरडायच्या. एवढ्या लांबून, वाऱ्यात, फोनमधला तो तुटका आवाज त्यांना कसा कळायचा देव जाणे.

मला रोपाचे फुटवे ओळखायला काकांनीच शिकवलं. एका दाण्यातून एकच काडी येत नाही, बाजूने आणखी फुटतात, आणि सातूचं सगळं पीक त्या फुटव्यांवर उभं असतं. वसंतात खायला-प्यायला मिळालं नाही तर रोप आपले फुटवे सोडून देतं, एकेक करून. ते सोडण्याआधी त्याला सावरावं लागतं. हे सगळं त्यांनी दोन-दोन शब्दांत सांगितलं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारेबुवा कॉलच्या वेळी मान उंचावून बघू लागले. तेही शेतकरीच निघाले. आपल्या अकलेप्रमाणे सूचना द्यायचे आणि काका त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचे.

मार्चच्या मध्यावर कृषी सल्लागार येऊन गेला. त्याने तिन्ही शेतं पाहिली. वरची दोन बरी आहेत, म्हणाला. खालचं मात्र फार विरळ झालंय. ते नांगरून टाकावं आणि तिथे वसंतातला सातू पेरावा. लवकर ठरवा, उशीर केला तर दोन्हीकडून जाईल. काकू म्हणाल्या, "त्याला विचारते." लग्न झाल्यापासून कोंबड्या, वासरं आणि घर त्यांनी बघितलं होतं, नांगर कुठे चालवायचा याबद्दल त्यांनी कधी शब्दही काढला नव्हता.

त्या दुपारी मी शेताच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात गेले आणि काकांच्या सांगण्यावरून हातखुरप्याने एक रोप मुळासकट उचकटलं. माती झटकली, फोनसमोर धरलं. पानं पिवळी, टोकं जळल्यासारखी. पण बुडाशी दोन नवी मुळं होती, पांढरीशुभ्र, शेवईसारखी.

काकांनी बघितलं.

"नांगरून टाका," ते म्हणाले.

"पण नवी मुळं आलीत की, बघा ना—"

"नांगरा. संपलंय ते." आणि त्यांनी डोळे मिटले.

नर्सने हळूच आपला चेहरा पडद्यात आणला आणि सांगितलं, की आज व्यायामाच्या वेळी त्यांना उभं करायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही, तेव्हापासून असेच आहेत. मी फाटकाशी परत आले. काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातातलं रोप घेतलं, चष्मा वर करून मुळं अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग फोन मागितला.

"ऐकतोयस का? डोळे उघड. हे जिवंत आहे. मी स्वतः बघितलंय. मी हे नांगरू देणार नाही."

काकांनी डोळे उघडले.

"तुला काय कळतं सातूतलं?" हे त्यांचं गेल्या कित्येक दिवसांतलं सगळ्यात स्पष्ट वाक्य होतं.

"काही नाही कळत. म्हणून तर तू घरी येऊन बघायचंस. तोवर ते राहील."

एवढं बोलून त्यांनी फोन माझ्याकडे दिला, कारण तो बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. ते रोप त्यांनी तिथेच वाकून, खुब्याची कळ सोसत, पुन्हा मातीत खोचलं. सल्लागाराला फोन करून सांगितलं, राहू द्या. तो म्हणाला, तुमची मर्जी.

खत पडलं. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरने तिन्ही शेतांत टाकून दिलं. आणि आता, जेव्हा पाऊस हवा, तेव्हा तो गेला तो गेलाच. सबंध एप्रिल कोरडा. पूर्वेचा गार वारा, दिवसा ऊन, आणि सकाळी पडदा सरकवला की शेत गोठलेल्या दवाने पांढरं. खताचे दाणे ढेकळांवर तसेच पडून असायचे, साबुदाण्यासारखे. ते विरघळायलाच ओल नव्हती. भुसभुशीत जमिनीत रोपांना मँगनीज मिळत नाही म्हणून फवारणी झाली, मुळांशी माती दाबायला रोलर फिरला. काका रोज विचारायचे, "पाऊस?" मी म्हणायचे, "नाही." ते म्हणायचे, "हं." आता त्यांना काठीने उभं करत होते. खालच्या शेताबद्दल त्यांनी काकूंना पुन्हा काही म्हटलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर दादाचा पुण्याहून फोन आला. बाबांना कोविड झाला होता. आधी घरीच होते, मग ऑक्सिजन उतरायला लागला. दादा आणि वहिनी दिवसभर हॉस्पिटलांना फोन लावत होते. कशीबशी खाट मिळाली आणि ते आत गेले. दादालाही आत सोडेनात. मला विमानाने जाता येईना. आणि गेले असते तरी बाहेरच उभी राहिले असते. मी खिडकीपाशी बसून राहायचे, फोन समोर ठेवून. नवरा ड्यूटीवरून येऊन भात लावायचा आणि माझ्यासमोर ताट ठेवायचा.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की वडील आजारी आहेत, दुपारी फोन देता यायचा नाही बहुतेक. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तुझा फोन मोकळा ठेव, पेट. आमचं आम्ही बघू."

'पेट' म्हणजे तिकडचं 'बाळा'. त्यांनी काय बघितलं ते मला खिडकीतून दिसलं. दुपारी त्या काठी घेऊन आल्या, फाटक उघडलं आणि स्वतः शेतात शिरल्या. ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या वाटेवरून एकेक पाऊल टाकत पार मध्यापर्यंत गेल्या, उभ्या राहिल्या, इकडेतिकडे बघितलं आणि तशाच परत आल्या. मग घरी जाऊन वॉर्डात लँडलाइनवरून फोन करायच्या आणि काकांना सातूचं वर्णन ऐकवायच्या. रोज. आणि रोज माझ्या दाराशी काहीतरी ठेवलेलं असायचं. कधी ब्राउन ब्रेड, कधी अंडी, एकदा नुसतीच कुंपणाच्या झुडपाची फुलं, पाण्याच्या ग्लासात.

बाबांचा ऑक्सिजन काढला, ते दादाने कळवलं तेव्हा दुपार होती. "बोलतात आता. पेज मागितली," दादा म्हणाला आणि रडायला लागला. मी कोट न घालताच बाहेर पळाले. काकू शेतातून परत येत होत्या. मला धावत येताना बघून जागच्या जागी थांबल्या. काय ऐकायला मिळणार हे त्यांना कळत नव्हतं.

"बरे आहेत! बाबा बरे आहेत!"

त्यांची लस झालेली होती, माझी नव्हती. त्यांनी रस्त्याकडे एकदा नजर टाकली, काठी फाटकाला टेकवली आणि मला जवळ घेतलं. वर्षभरात नवऱ्याखेरीज कुणी मला हात लावला नव्हता. त्यांच्या स्वेटरला धुराचा आणि कोंबड्यांच्या दाण्याचा वास येत होता. मी बराच वेळ रडले. त्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि "ग्रँड, ग्रँड, आता सगळं ग्रँड" म्हणत राहिल्या.

आमचे दुपारचे कॉल पुन्हा सुरू झाले. पहिल्याच कॉलला काकांनी शेत बघितलं आणि भुवया वर केल्या.

"ही म्हणाली हिरवं झालंय."

मी काकूंकडे बघितलं. काकू ओढ्याकडे बघत होत्या. शेत पहिल्याइतकंच पिवळं होतं. गेले कित्येक दिवस त्या लँडलाइनवर खोटं हिरवं शेत रंगवत होत्या.

काकांनी पुन्हा एकदा शेत न्याहाळलं. मग म्हणाले, "तिचा चष्मा बदलायला झालाय." आणि त्यांच्या तोंडाची बरी असलेली बाजू हसली.

पाऊस मे लागता लागता आला. चांगला, संथ, दिवसभराचा. मी खिडकी उघडून बसले आणि ऑफिसच्या कॉलवर कुणीतरी विचारलं, की तुझ्याकडे नळ चालू राहिलाय का. आठवड्याभरात खालच्या शेताचा रंग फिरला. आधी मधले पट्टे, मग कडा. मग पाऊस इतका पडला की पानांवर ठिपके आले आणि फवारणीसाठी कोरडा दिवस मिळेना. ती चिंता वेगळी. पण रोपांनी फुटवे धरून ठेवले होते. ओंब्या पोटरीत, म्हणजे पानांच्या वेष्टनात, आल्या, मग आधी नुसत्या कुसळांची टोकं बाहेर आली, आणि एका सकाळी सबंध शेतावर रेशमासारखी झाक दिसली.

पुण्यात बाबा घरी आले होते, अशक्त, खुर्चीतून उठताना धाप लागायची. मी त्यांनाही शेत दाखवलं. बाबा आयुष्यभर पोस्टात होते, शेतीशी संबंध नाही.

"गहू का गं?"

"सातू आहे, बाबा."

"अरे वा. म्हणजे पीठ ज्याचं करतात तो. मी आपला समजत होतो की ते गिरणीतच तयार होतं." असं म्हणून ते इतके हसले की खोकला आला आणि वहिनीने फोन काढून घेतला.

काका जूनच्या सुरुवातीला घरी आले. मला वाटलं होतं, आधी फाटकाशी थांबतील. त्यांनी शेताकडे बघितलंही नाही. वॉकर धरून, पाय ओढत सरळ घरात गेले, आपल्या खुर्चीत बसले आणि काकूंकडे बघत राहिले.

"तू बारीक झालीस," ते म्हणाले.

"आणि तू जाड. तो बटाटा," काकू म्हणाल्या आणि कपाटातून कप काढायला वळल्या. त्या कपाटाला त्या 'प्रेस' म्हणायच्या. त्या प्रेसचं दार धरून त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मी पिशव्या ठेवल्या आणि निघून आले.

कापणी जुलैत झाली, कडक उन्हात. काकांची मोटार खालच्या शेताच्या कडेला लावली होती. ते आत बसलेले, दार उघडं. हार्वेस्टर एक फेरी मारून आला की चालक उतरून मूठभर दाणे त्यांच्या उजव्या तळहातावर ओतायचा. काका एक दाणा दाताखाली धरायचे, बाकीचे डाव्या हातात ओतायचा प्रयत्न करायचे. अर्धे सांडायचे. तिसऱ्या की चौथ्या फेरीला डाव्या हाताची बोटं वळली आणि बरेचसे दाणे त्यांत राहिले. काकूंनी ते बघितलं आणि चटकन मान फिरवली.

खालच्या शेतातल्या पिकाचा उतारा वरच्या दोन शेतांपेक्षा कमीच भरला, पण सल्लागाराने मान डोलवावी इतका नक्कीच होता. वसंतात नांगरून पेरलं असतं तर जास्त आलं असतं की कमी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या अंगणात बसलो. माझ्या हातापायांना कुसळं टोचून पुरळ उठलं होतं. नवऱ्याने घरून चहा करून आणला होता, आलं-वेलदोडा घातलेला, आणि काका तो संशयाने पीत होते.

"पुढच्या वर्षी खाली मोहरी लावावी म्हणतो," ते म्हणाले. बोलणं अजून सावकाश होतं, पण आता कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"सातूच," काकू म्हणाल्या.

"जमिनीला बदल हवा. लागोपाठ सातू घेऊ नये."

"मग वरच्यात बदल कर. खालच्यात सातू."

"का पण?"

"मला आवडतो म्हणून."

काकांनी काकूंकडे बघितलं. इतकी वर्षं शेतीच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी वाद घातला नव्हता, आणि आता घालायचा तर कसा, हे त्यांना सुचत नसावं. त्यांनी कप पुढे केला. "अजून आहे का हा?" त्यांनी मला विचारलं. मी ओतला. काकू ठामपणे सांगत होत्या, की मोहरीच्या पिवळ्या फुलांनी त्यांना शिंका येतात. काका म्हणत होते, की हे आपण पहिल्यांदाच ऐकतोय. दोघांचं ते बराच वेळ चाललं होतं.